कडावची भाकर

संप सुरू झाला तो लाकडाच्या मोळीवरून. पुढे त्याचं काय काय झालं ते वर्तमानपत्रांनी आपापल्या परीनं लिहिलं, पण मोळीचं कुणी लिहिलं नाही.

डोंगरावरच्या आदिवासी उंबरवाडीच्या बायका बारा वर्षं खालच्या बंगल्यांत कामाला जात होत्या. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी वरकस जमीन आणि करवंदीच्या जाळ्या होत्या, तिथे मुंबईकरांचे ऐंशी बंगले उभे राहिले होते. शनिवारी गाड्या यायच्या आणि सोमवारी केर उरायचा. बायका लाद्या पुसायच्या, भांडी घासायच्या, गडी हिरवळ कापायचे. आणि संध्याकाळी परतताना प्रत्येकीच्या डोक्यावर वाळक्या काटक्यांची एक मोळी असायची. ती कुणी दिली नव्हती आणि कुणी चोरलीही नव्हती. झाड काटकी टाकतं, बाई उचलते, एवढाच त्यातला कायदा. मग नवा मॅनेजर आला. त्यानं मोळी बंद केली, फाटकावर झडती सुरू केली, आणि एका मंगळवारी सत्तरी ओलांडलेल्या चिमाआजीला दोन रखवालदारांसमोर पदर झाडायला लावला. पदरातून एक शिळी पोळी पडली. ती बंगल्यातल्या बाईनंच दिलेली होती.

दुसऱ्या दिवशी वाडीतून कुणीच खाली उतरलं नाही.

पारू त्या दिवशी रांगेत आजीच्या मागेच उभी होती. पन्नाशीची, अंगानं काटक, बोलायला कमी. नवरा पोशा वारल्यापासून घरात एकटीच. संप कशाला म्हणतात ते तिला नीटसं ठाऊक नव्हतं. पण आजीनं ती पोळी उचलली, फुंकर मारून पुसली आणि कुणाकडे न बघता पुन्हा पदराला बांधली, ते काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

बंगल्यांच्या फाटकासमोर वाडीनं मांडव घातला. वाडीतली हर्षला कर्जतच्या कॉलेजात शिकून बी. ए. झालेली, तिनं वहीच्या पानावर तीन मागण्या लिहिल्या. झडती बंद करा. मजुरी वाढवा. आणि वाट मोकळी करा.

ही तिसरी मागणी काय, हे सांगितलं पाहिजे. उंबरवाडीतून खालच्या कडाव गावाला जाणारी जुनी बैलगाडीची वाट बंगल्यांच्या मधून होती. तीन वर्षांपूर्वी कुंपणाची भिंत आली आणि वाट आत गेली. तेव्हापासून शाळा, दवाखाना, रेशन, सगळ्याला नदीकडून मोठा फेरा. कडावकरांचीही वरची शेतं त्या भिंतीपलीकडे अडकली होती.

वाडीला वाट हवी होती ती पायांसाठी. पारूला ती आणखी एका गोष्टीसाठी हवी होती, आणि ती गोष्ट तिनं कुणाजवळ काढली नव्हती.

तिची एकुलती एक लेक रूपाली. आठ वर्षांपूर्वी कडावात लावणीला गेली आणि ज्याच्या शेतात लावणी केली त्या साईनाथशी लग्न लावून मोकळी झाली. वाडीची बैठक बसली. लडकू तेव्हा वाडीचा कारभारी. तो म्हणाला, "पारू, पोरगी खालच्या गाववाल्यांत गेली. आता तू आमच्यात की तिच्यात, ते तोंडानं सांग." वाळीत टाकतील या भीतीनं पारूनं सांगितलं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, तीनदा. "मला लेक नाय."

शब्द जिभेवरून उतरला तो थेट काळजात जाऊन बसला.

त्यानंतर पाच वर्षं, वाट मोकळी होती तोवर, ती रेशनला जाताना साईनाथच्या घरासमोरून जायची. मान खाली, चाल संथ. ओटीवर कधी कोणी दिसलं नाही, आणि रूपालीचं नाव तिच्यापुढे कुणी काढत नसे. रूपाली आपल्याला बघून आत जात असावी असं तिला वाटे, आणि तसं वाटण्यातही थोडं सुख होतं. निदान आत कोणी तरी आहे. मग भिंत आली आणि तेवढंही संपलं.

संपाच्या पहिल्या आठवड्यात कडावात नुसती थट्टा झाली. "आता मुंबईवाल्या शेठाणी स्वतः भांडी घासणार म्हंजे!" दुसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी ध्यानात आलं की मागणीच्या कागदावर आपली वाटही आहे. तिसऱ्या आठवड्यात वाडीतली चूल थंडावल्याची बातमी खाली पोचली, आणि एका दुपारी कडावातल्या नवीन नावाच्या पोराचा टेंपो मांडवाकडे आला. टेंपोत धडुत्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी आणि वालाच्या कालवणाचं पातेलं होतं. नवीननं ते मांडवात न आणता पन्नास पावलांवरच्या चिंचेखाली ठेवलं.

"इथं का रं?" हर्षलानं विचारलं.

"बचत गटाच्या बायकांनी सांगितलंय, हितंच ठेव म्हनून," नवीन मान खाजवत म्हणाला.

लडकू खोकला. "म्हंजे भाकर चालते, मानूस चालत नाय."

"गप रं," चिमाआजी म्हणाली. "भाकर चिंचेपतुर आली. मानूस काय, येल मागनं चालत."

भाकरी वाटायचं काम पारूकडे आलं, कारण तिचा हात सारखा होता. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. दोन धडुती सोडली आणि तिसऱ्यात वरच असलेली भाकर हातात घेताना ती थांबली. भाकरीच्या कडेला चिमटीएवढा तुकडा नव्हता. तुटला नव्हता, भाजण्याआधीच ओल्या पिठातून काढला होता, कारण कड तिथे नीट शेकली होती.

वाडीत पहिली भाकर तव्यावर टाकण्याआधी तिच्या कडेची चिमूट चुलीत टाकतात. आगीचा घास. आधी तिला, मग माणसांना. कडावात ही रीत नाही. तिथल्या बायकांना भाकर कशी, तर चंद्रासारखी पुरी गोल लागते. कड मोडलेली भाकर त्या गुरांना घालतील. आणि वाडीची एकच पोर कडावात नांदत होती.

पारूनं ती भाकर पदराखाली घेतली. कुणाला दिली नाही. आयुष्यात तिनं केलेला हा पहिलाच लबाड वाटा.

मग रोज ते सुरू झालं. रोज कुठल्या ना कुठल्या धडुत्यात एक चिमूट काढलेली भाकर असायची. टेंपोचा आवाज वळणावर आला की पारू चिंचेखाली हजर. एकदा धीर करून तिनं विचारलं, "कुनाकुनाच्या घरच्या भाकरी हायेत रं नवीन?"

"मावशी, मी डायवर हाय, सोयरा नाय," तो म्हणाला. "गठुडी देतात, मी आनतो."

तिनं जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तराचं तिला भय होतं. तिनं ते धडुतं धुऊन, वाळवून, घडी करून परत पाठवलं, आणि घडीत चार रानआवळे बांधले. रूपाली लहानपणी आवळा खाऊन वर पाणी प्यायची आणि पाणी गोड लागलं म्हणून हसत सुटायची. दुसऱ्या दिवशी धडुतं आलं. त्यात आवळे नव्हते. ठेवून घेतले, म्हणजे पोचले, असं पारूनं मनाशी ठरवलं. त्या रात्री तिला झोप छान लागली.

पौष सरत आला तेव्हा बंगलेवाल्यांच्या कमिटीनं बोलावणं केलं. झडती बंद करतो, मजुरी वाढवतो; वाटेचं मात्र विसरा, ती आमच्या सुरक्षिततेची बाब आहे. हर्षला निरोप घेऊन मांडवात आली. तिचा चेहरा उतरला होता, पण तिनं निरोप सरळ सांगितला आणि म्हणाली, "सगळ्यांनी ठरवा. मी एकटी ठरवणार नाही."

लडकू उठला. "तीन मागितलं, दोन गावलं. अजून काय पायजे? पोरं उपाशी हायेत. वाट काय, आजवर फेरा मारला, अजून मारू. उद्या सकाळी कामावर, काय?"

बऱ्याच माना हलल्या. त्यात खोटं काही नव्हतं. संप मिटला की मांडव उठणार, मांडव उठला की टेंपो थांबणार, हे पारूच्या डोक्यात त्याच वेळी लख्ख झालं. चुलीवर हात शेकत असताना कुणी चूल विझवावी तसं तिला झालं. ती उठून उभी राहिली ते तिला स्वतःलाही नंतर कळलं.

"नाय," ती म्हणाली.

मांडव वळला. पारू सभेत बोलते हे कुणी पाहिलं नव्हतं.

"वाट पायजे," ती म्हणाली. "झडती आज बंद करतील, उद्या नवा सायेब आला की पुन्ना सुरू. मजुरी वाढवतील आन् चार मानसं कमी करतील. वाट एकदा गावली की कुनाच्या बापाला बंद करता येत नाय. माझी मानसं भिंतीच्या पलीकडं हायेत. मला तिकडं जायचंय. मी उद्या कामाला जानार नाय. एकटी बसंन."

एवढं बोलून ती मटकन खाली बसली. मग चिमाआजी म्हणाली, "एकटी कशाला? मी हाय की. मला कुटं आता लगीन करून जायचंय!" हशा झाला, आणि त्या हशात संप टिकला.

टिकला तो नुसता टिकला नाही, पसरला. पारूची 'माझी मानसं भिंतीच्या पलीकडं' ही ओळ कुणीतरी मोबाइलवर घेतली होती. ती वाड्यावाड्यांत फिरली. दर वाडीला कुठली ना कुठली भिंत होतीच. कुणाचं पाणी पलीकडे गेलेलं, कुणाचं मसणवट, कुणाचा देव. रिसॉर्टांतले वेटर आले, दहिवलीच्या बाजूचे बांधकामावरचे मजूर आले. भिसेगावातल्या पोरांनी फलक रंगवले. कडावच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणले. कर्जतच्या तहसील कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा पुढचं टोक कचेरीत आणि मागचं अजून रस्त्यात होतं. मागण्यांचा कागद तीन ओळींवरून दोन पानांवर गेला. त्यात वनहक्काचे दावे आले, वाडीतल्या बायकांची नावं सातबाऱ्यावर लावायची मागणी आली. लोक पारूला 'वाटवाली मावशी' म्हणू लागले. तिला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होई.

मोर्चाच्या दुसऱ्या दिवशी कडावच्या बायका पहिल्यांदाच टेंपोतून उतरून मांडवापर्यंत चालत आल्या. वीस-बावीस जणी. पातेलं त्यांनी मांडवाच्या मधोमध ठेवलं आणि क्षणभर कुठे बसावं ते न कळून उभ्या राहिल्या. चिमाआजीनं आपल्या शेजारची जागा थोपटली. "बसा गं. भुई काय बाटत नाय." एक बसली, मग सगळ्या बसल्या. वाडीनं आणि कडावानं एका पातेल्यातलं कालवण त्या दिवशी एका पंगतीत खाल्लं. हे लिहायला एक ओळ लागते. व्हायला किती पिढ्या लागल्या ते मोजणं कठीण आहे.

पारू मात्र जेवत नव्हती. ती एकेक तोंड बघत होती. बावीस तोंडं बघून झाली. रूपाली नव्हती.

चिमूट काढलेली भाकर ज्या धडुत्यात होती ते धडुतं एका साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाईच्या मांडीवर होतं. पारू तिच्यासमोर जाऊन बसली.

"ही भाकर कुनी केली?"

बाईनं चष्म्यातून तिच्याकडे बघितलं. बघत राहिली. "तुमी पारूबाई ना? मोबाइलवर बगितलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी मोतीबाई. साईनाथची आय."

आठ वर्षांच्या विहिणी पहिल्यांदा समोरासमोर बसल्या होत्या. पारूनं विचारलं, "रूपाली कशी हाय? ती आली नाय?"

"ती कुटं हाय इथं?" मोतीबाई म्हणाली. "वरीस पन राह्यली नाय. मीच राहू दिली नाय म्हना. पान्याला शिवू नको, चुलीला शिवू नको, हेच चालवलं व्हतं मी. एकदा आजारी पडले, तवा तिनं चूल हातात घेतली. भाकर बगितली तर कडेला तोडलेली. म्हटलं, असलं उष्टं कोन खाईल? तशी पोर भाकर टाकून उठली. म्हैन्यात दोगं गेली खालापूरला. तो कंपनीत गाडी चालवतो, ती तितंच ठेकेदाराकडं पॅकिंगला."

"मग ही..."

"मीच करते." मोतीबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "घर खायला उठायचं. एक दिवस म्हटलं, तिच्यावानी करून तर बगू. चिमूट काढली, चुलीत टाकली. तवापासून राह्यवत नाय. तुमचे आवळे मीच खाल्ले, विहीनबाई. वर पानी प्याले. गोड लागलं."

पारूला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही. दीड महिना ती ज्या हाताची भाकर लेकीची म्हणून खात होती, तो हात या बाईचा होता. आणि त्या भाकरीपायी तिनं दोनशे घरं संपावर बसवली होती.

तिनं तडक हर्षलाला गाठलं. हर्षला मांडवामागे कापडावर लाल रंगानं अक्षरं काढत होती.

"हर्षले, मी पाप केलं गं. मी वाट मागितली ती तुमच्यासाटी नाय. माझ्या लेकीसाटी मागितली. आन् लेक तर तितं नव्हतीच." तिनं सगळं सांगितलं, पदराखालच्या भाकरीसकट. "आता सगळ्यांना सांग. मिटवून टाका."

हर्षलानं ब्रश डब्यात ठेवला. "मावशी, तुझी लेक नव्हती. वाट तर होती ना?"

"व्हती."

"मला कॉलेजला जायला दीड तास फेरा पडायचा. मी काय जगासाठी वाट मागितली? चिडले होते म्हणून मागितली." ती पुन्हा ब्रश उचलून म्हणाली, "हे 'ळ' नीट आलंय का बघ. आणि परवा चल माझ्याबरोबर. खालापूरच्या कारखान्यातल्या ठेक्यावरच्या बायकांनी बोलावलंय. त्यांना आपला पाठिंबा पाहिजे."

रूपालीचा कारखाना कुठला, हे पारूनं मोतीबाईला विचारलं. तोच होता.

चार टेंपो, सात ट्रॅक्टर आणि बाकीचे पायी, असे ते गेले. माळावर पळस फुलला होता आणि ऊन चांगलंच लागत होतं. पारू आणि मोतीबाई एकाच टेंपोत, एकमेकींच्या खांद्याला खांदा लागून बसल्या. वाटेत मोतीबाई म्हणाली, "कुटल्या तोंडानं हाक मारायची?" पारू म्हणाली, "माझं तोंड तुमच्याहून काळं हाय. मी तर नायच म्हटलं व्हतं तिला."

कारखान्याचं फाटक उंच पत्र्याचं होतं, बंद. दुपारची पाळी सुटायची वेळ झाली होती, पण मालकांनी बायकांना आतच रोखून धरलं होतं. जी मोर्चात जाईल तिनं उद्या येऊ नये, असं सांगितलं होतं. बाहेर हजारभर माणूस, आत शे-दीडशे बाया, मधे पत्रा. पत्र्याखाली वीतभर फट होती. पारू फाटकाला लागूनच भुईवर बसली आणि वाकून बघितलं. पाय दिसले. रांगेनं उभे पाय. सगळ्यांच्या पायांत कंपनीचे एकसारखे काळे बूट. आपल्या पोटच्या पोरीचे पाय ओळखता येईनात, याचं तिला इतकं वाईट वाटलं की तिनं जमिनीवर तळहात टेकले.

हर्षलाचा घसा सकाळपासून बसला होता. "मावशी, दोन घोषणा दे. मी पाणी पिऊन येते," म्हणून तिनं बिनवायरचा माइक पारूच्या हातात ठेवला. टेंपोवरचा कर्णा खरखरला. हजार माणसं तिच्या तोंडाकडे बघू लागली. दोन महिन्यांत सगळ्यांना एक सवय लागली होती: माइकवरून जे येईल ते मुठी उंचावून पुन्हा म्हणायचं.

पारूला एकही घोषणा आठवेना. तिनं माइक तोंडाशी नेला.

"रूपे!" ती म्हणाली.

"रूपे!" मोर्चा गरजला.

ती दचकली. मागे बघितलं. सगळे वाट बघत होते.

"भायेर ये गं!"

"भायेर ये गं!"

मोतीबाईनं तिच्या दंडाला घट्ट धरलं. पारूचा श्वास कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येत होता.

"मी खोटं बोलले व्हते!"

इथे आवाज जरा विस्कटला. काहींना कळेना हे काय आहे. पण वाडीच्या लोकांना कळलं. त्यांच्यात लडकू होता. त्याची मान क्षणभर खाली गेली. मग त्याचीच मूठ सगळ्यांत आधी वर आली. "मी खोटं बोलले व्हते!" बाप्या माणूस, पण शब्द जसाच्या तसा म्हणाला. मग सगळेच म्हणाले.

"मला लेक हाय!"

"मला लेक हाय!" हजार तोंडांतून आलं. पत्रा थरथरला. ज्यांना लेकी होत्या त्यांनी म्हटलं, नव्हत्या त्यांनीही म्हटलं. "मला लेक हाय!" पारू पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली, आणि तीनही वेळा ते तिच्याकडे मोठं होऊन परत आलं.

मग ती थांबली. फटीखाली वाकली. आतले बूट हलत होते, एकमेकांकडे वळत होते. रांगेच्या मागून एक जोडी पुढे आली. थांबली. पुन्हा दोन पावलं पुढे. पत्र्याच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, इतकी की पारूनं हात घातला असता तर बुटाला लागला असता. हात घालायचा धीर मात्र तिला होईना.

पत्र्याआडून चिडलेला, भरून आलेला आवाज आला.

"आये, आदी तो माइक बंद कर!"

पारूला बटण सापडेना.